फुलबॅक

भाऊ आमच्याकडे येतात तेव्हा आधी फाटकाची कडी लागल्याचा आवाज येतो, मागून भाऊ. आत आले तरी खुर्चीत बसत नाहीत. दाराच्या चौकटीत उभे राहतात. गुडघे किंचित वाकलेले, भार चवड्यांवर, हातात छत्री उलटी धरलेली. "बसा ना भाऊ," म्हटलं की "बसतो ना बापा, घाई काय आहे," म्हणतात आणि तासभर तिथंच. घरात येणाऱ्याला त्यांना वळसा घालूनच यावं लागतं. आमचा दूधवाला तर आता हुलकावणी द्यायला शिकलाय. डावीकडून निघाल्यासारखं करतो आणि उजवीकडून घुसतो. भाऊ फसत नाहीत. छत्रीची मूठ बरोबर कॅनला टेकते. "डोळ्यांत नाही पाह्यचं," ते मला समजावतात, "डोळे खोटं बोलतात. कमरेकडे पाह्यचं. माणूस कंबर घरी ठेवून कुठं जाऊ शकत नाही."

भाऊ हॉकीत फुलबॅक होते. हॉकी सुटून चाळीस वर्षं झाली, फुलबॅक काही सुटलेला नाही.

रायपुरात ही एक जातच आहे. तात्यापारा, बुढापारा या बाजूच्या जुन्या घरांतून हिंडलात तर दर दोन गल्ल्यांमागे एखादा नमुना सापडेल. मराठी माणूस छत्तीसगडात आला तो नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग, आणि हॉकी इथं पोसली ती बरीचशी रेल्वेच्या वसाहतींनी. चार ऑलिम्पिक खेळून तीन सुवर्णपदकं आणि एक रौप्यपदक आणणारे लेस्ली क्लॉडियस १९२७ साली बिलासपुरात जन्मले. राजनांदगावला तर आजही हॉकीची नर्सरी म्हणतात. क्लॉडियसचं नाव निघालं की भाऊ मान डोलावतात. "हाफ होता ना तो," म्हणतात. "म्हणजे अर्धा आपलाच."

त्या काळी संघाची मांडणी ठरलेली. पुढे पाच फॉरवर्ड, मध्ये तीन हाफ, मागे दोन फुलबॅक आणि सगळ्यांत शेवटी गोलकीपर. पाचांनी नाव कमवायचं, तिघांनी पळायचं आणि दोघांनी शिव्या खायच्या. भाऊंनी ही वाटणी मैदानापुरती न ठेवता संसारालाही लावली. लग्नाच्या फोटोत ते शेवटच्या रांगेत. पंगतीला शेवटच्या पानावर. देवळात सगळे दर्शनाला आत आणि भाऊ बाहेर चपलांपाशी. स्कूटरवर आयुष्यात कुणाला ओव्हरटेक केलं नाही. मागून कोण येतंय, हे आरशात बघण्यातच त्यांचा प्रवास संपतो. घरात भांडण उपटलं की त्यांचा सल्ला एकच, "साइडलाइनला मार!" म्हणजे विषय आधी बाहेर घालवा, कोण बरोबर, कोण चूक, ते मागून पाहू. या सल्ल्यानं तीन भावांची वाटणी बावीस वर्षं साइडलाइनच्या बाहेर पडून आहे आणि घर अजून एकत्र आहे.

भाऊंचं व्याकरणही वेगळं. शाळेत आपण क्रियापदांचे अर्थ शिकतो, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. भाऊंचं सगळं आयुष्य संकेतार्थात गेलं. "त्या दिवशी मी नळ बंद केला नसता, तर तुझ्या काकूचे तांदूळ पोहत बुढा तलावापर्यंत गेले असते." "मी त्या स्थळाला नाही म्हटलं नसतं, तर ताई आज कुठं असती?" जे घडलं ते सगळ्यांना दिसतं. भाऊंच्या खाती जमा असतं ते सगळं न घडलेलं. आणि न घडलेल्याची पावती कोण देणार?

पावत्या नाहीत असं नाही, पण त्या नडगीवर आहेत. भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात आणि दोन्ही नडग्यांवरचा नकाशा दाखवतात. हा खड्डा राजनांदगावचा, महंत राजा सर्वेश्वरदास स्मृती स्पर्धेतला. ही तिरपी रेघ भिलाईची. हे जे गोल दिसतं ना, ते सुभाष स्टेडियमवर, पावसात, ओल्या मातीत. एकतीस टाके, सगळे समोरून. मागून एकही नाही, हे सांगताना ते मुद्दाम पोटरीसुद्धा दाखवतात.

आणि एक फोटो आहे. वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण, काचेच्या फ्रेममध्ये. एक फॉरवर्ड हात उंचावून धावतोय, खाली त्याचं नाव छापलंय. भाऊ दाखवतात तो उजवा कोपरा. तिथं घोट्यापासून खाली एक बूट दिसतो. "तो पाय माझा," ते म्हणतात. पाहुणे कौतुकानं वाकून बघतात. लेस सुटलेली आहे.

भाऊंना सर्वांत जास्त छळते ती १९७५ सालच्या विश्वचषकाची गोष्ट. क्वालालंपूर, मलेशियाविरुद्ध उपांत्य सामना, भारत एका गोलनं मागे, वेळ संपत आलेली. तेव्हा फुलबॅक मायकेल किंडोच्या जागी भोपाळचा अस्लम शेर खान आत आला. त्यानं गळ्यातल्या ताईताचं चुंबन घेतलं, पेनल्टी कॉर्नरवर गोल मारला आणि भारत वाचला. पुढे अंतिम सामन्यात पाकिस्तानला २–१ हरवून आपण जगज्जेते झालो. भोपाळ आणि रायपूर तेव्हा एकाच राज्यात, त्यामुळं अस्लम हा घरचाच माणूस, शिवाय फुलबॅक. भाऊंना आनंद व्हायला हवा. "झाला ना," ते म्हणतात, "पण बघ, फुलबॅकचं नाव कधी झालं? गोल मारला तेव्हा! किंडोनं त्या अख्ख्या स्पर्धेत काय काय अडवलं, ते सांग बरं मला एक." मला सांगता येत नाही. "तेच तर!" म्हणून भाऊ चौकटीतली जागा बदलतात.

दुर्गची सबा अंजुम भारताची कर्णधार झाली, २०१५ साली तिला पद्मश्री मिळाली, तेव्हा भाऊंनी गल्लीत पेढे वाटले. वाटताना मात्र प्रत्येकाला सांगितलं, "पोरगी गुणाची आहे. फॉरवर्ड आहे, पण गुणाची आहे." त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात हॉकी वर्ल्ड लीगची अंतिम स्पर्धा रायपुरात झाली. वल्लभभाई पटेल स्टेडियमचं निळं मैदान, खच्चून भरलेली गॅलरी. ६ डिसेंबरला कांस्यपदकासाठी भारत विरुद्ध नेदरलँड्स. ५–५ अशी बरोबरी आणि मग शूटआउटमध्ये भारत ३–२. जागतिक स्पर्धेतलं पदक तेहतीस वर्षांनी आलं होतं, तेही आमच्या गावात. तेलीबांध्यापर्यंत लोक नाचत होते. भाऊ गॅलरीत डोकं धरून बसलेले. "काय झालं भाऊ? जिंकलो ना!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं घरात चोरी झाली असताना कुणी वाढदिवसाचा केक पुढे करावा. "पाच खाल्ले," ते म्हणाले. "पाच!"

तर अशा या भाऊंचा नातू कारखान्याच्या कामासाठी स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला गेला. पहिल्याच थंडीत त्यानं व्हिडिओ कॉलवरून आजोबांना आइस हॉकीचा सामना दाखवला. रायपुरात बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली लादी किंवा काडीवरचा गोला. मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला पोचणाऱ्या गावात भाऊंनी चष्मा पुसून विचारलं, "ही पोरं घसरून काहून राहिली?"

"घसरत नाहीयेत आबा, खेळतायत."

भाऊंनी दहा मिनिटं पाहिलं. चेंडूच्या जागी काळ्या रबराची चकती, एक इंच जाड, आणि वजन आपल्या चेंडूएवढंच, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. बर्फावर एका वेळी सहाजण. त्यांतला एक गोलकीपर, तीन पुढे आणि…

भाऊ चौकटीतून आत आले. मी त्यांना प्रथमच खुर्चीत बसलेलं पाहिलं.

"दोन फुलबॅक!" ते पुटपुटले. "अरे, दोन फुलबॅक!"

त्यांचा गहिवर समजण्यासारखा होता. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम मैदानावर गेली, पाच-तीन-दोनची घडी मोडली, ऑफसाइडचा नियमही पुढे गेला, आणि जोडीनं मागे उभे राहणारे ते दोन फुलबॅक डोळ्यांदेखत नामशेष झाले. आणि इथं, जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फात, ती जात जिवंत निघाली होती.

एका आठवड्यात भाऊ स्वीडनच्या फुलबॅकांचे कुलगुरू झाले. निकलस लिडस्ट्रॉम डेट्रॉइटकडून वीस मोसम खेळला, सर्वोत्तम बचावपटूला मिळणारी नॉरिस ट्रॉफी सात वेळा घेतली. बोर्ये साल्मिंगचा चेहरा १९८६ साली स्केटच्या पात्यानं फाटला, दोनशेहून जास्त टाके पडले. हे ऐकून भाऊंनी दुमडलेली पँट हळूच खाली सोडली. पण जीव जडला तो एका पोरावर, रासमुस डालीन, जन्म एप्रिल २०००. लिडशोपिंग नावाच्या छोट्या गावात वाढलेला, सोळाव्या वर्षी गॉथेनबर्गच्या फ्रोलुंडा संघात मोठ्यांबरोबर उतरलेला, सतराव्या वर्षी ऑलिम्पिक खेळलेला. त्यात नातवानं सांगितलं की त्या काळी या संघाचं नाव होतं 'फ्रोलुंडा इंडियन्स'. ते इंडियन्स अमेरिकेतले आदिवासी, आणि ते नाव संघानं पुढे टाकून दिलं, वगैरे खुलासा नातू करेपर्यंत भाऊ आमच्याकडे येऊन गेले होते. "आपल्या संघातला आहे पोरगा," त्यांनी जाहीर केलं.

पोराची कारकीर्द भाऊंना समजावणं सोपं नव्हतं. त्यांच्या वेळी हॉकीची कारकीर्द म्हणजे दोन-तीन स्पर्धा गाजवायच्या, कुणाच्या तरी नजरेत भरायचं आणि खेळाच्या कोट्यातून रेल्वेत चिकटायचं. मग मैदान सुटलं तरी पेन्शन सुटत नाही. इथं २०१८च्या ड्राफ्टमध्ये डालीन पहिला उचलला गेला.

"ड्राफ्ट? बँकेतला?"

"नाही हो भाऊ. अमेरिका-कॅनडाच्या लीगमधले संघ दरवर्षी जगभरची नवी पोरं पाळीपाळीनं निवडतात. तळाच्या संघांना आधी संधी, साधारण अशी रीत."

भाऊंनी हे वधू-वर मेळाव्याशी ताडून पाहिलं. "म्हणजे सगळ्यांत वाईट सासर पहिली पसंती करणार? आणि मुलानं नाही म्हणायचं नाही?" ते म्हणाले. "कठीण आहे बापा. कुणी उचललं मग?"

"बफेलोनं."

आतून काकूंचा आवाज आला, "म्हशीनं?"

ते शहराचं नाव आहे हे सांगून झालं, पण त्या दिवसापासून आमच्या गल्लीत डालीन हा म्हशीच्या गावी दिलेला पोरगा झाला. सासर खरंच वाईट होतं. २०११ नंतर तो संघ बाद फेरीत पोचलाच नव्हता, आणि हा गेल्यावरही कित्येक वर्षं पोचला नाही. भाऊ काळजीत असायचे, पण आतून सुखावलेले. जिथं गोलांचा पाऊस पडतो, तिथंच छत्रीला किंमत.

मग नातवानं चूक केली. त्यानं आजोबांना प्लस-मायनस सांगितलं.

आइस हॉकीत फुलबॅकचाही हिशेब ठेवतात. दोन्हीकडे माणसं सारखी असताना तुम्ही बर्फावर आहात आणि तुमच्या संघानं गोल केला, तर तुमच्या नावावर अधिक एक. गोल खाल्ला, तर वजा एक. मारला कुणी, अडवला कुणी, हा प्रश्न नाही. तुम्ही हजर होतात ना? लिडस्ट्रॉमची कारकिर्दीची बेरीज अधिक ४५०. बॉबी ऑर नावाच्या कॅनडाच्या फुलबॅकनं १९७०–७१च्या एकाच मोसमात अधिक १२४ केले.

भाऊ कितीतरी वेळ गप्प होते. पन्नास वर्षं ज्या पावतीची वाट पाहिली, तिचं पुस्तक जगात कुठंतरी छापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणली.

वहीत आधी नातेवाईक आले, मग गल्ली. जावई मुक्कामाला असताना दोनदा वीज गेली, वजा दोन. समोरचे वकील उभे असताना गणपतीची वर्गणी पूर्ण जमली, अधिक एक. मी त्यांच्याशी बोलत असताना कुत्रा पापड घेऊन गेला, वजा एक, दोघांनाही. भाऊ प्रामाणिक होते. घरातलं सर्वांत वाईट खातं निघालं काकूंचं. दूध उतू गेलं तेव्हा हजर, भाजी करपली तेव्हा हजर, कपबशी फुटली तेव्हा हजर. महिन्याअखेर वजा एकवीस.

भाऊंनी हा आकडा काकूंना सांगितला. ज्यानं मोठमोठे फॉरवर्ड छातीवर घेतले, त्या माणसाचा हा एकमेव बेसावध क्षण.

काकू पोळी लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "जी दिवसभर चुलीपाशी उभी, तिच्याच समोर दूध उतू जाणार. जो दारात उभा, त्याच्यासमोर कशाला जाईल?"

भाऊंनी मुद्दा साइडलाइनला मारायचा प्रयत्न केला. पण आइस हॉकीला साइडलाइन नसते. चहूबाजूंनी कठडा असतो, चकती आपटून परत तुमच्याच पायात येते. रात्री नातवाचा फोन आला आणि बोलता बोलता तो म्हणाला, "आबा, तुमच्या पोराचा २०२०–२१चा आकडा माहितीये? वजा छत्तीस. अख्ख्या लीगमध्ये सर्वांत खालचा."

त्या रात्री भाऊ जेवले नाहीत. दोन दिवस आमच्या चौकटीत कुणी नव्हतं. दूधवाला सरळ रेषेत येऊन सरळ रेषेत गेला आणि जरा हिरमुसल्यासारखा दिसला.

तिसऱ्या दिवशी भाऊ आले ते बचावाची तयारी करूनच. "त्या वर्षी संघ सलग अठरा सामने हरला, माहितीये? अठरा! कोण खेळत होतं सगळ्यांत जास्त? आपला पोरगा. वीस-एकवीस वर्षांचं वय. बाकीचे येऊन जाऊन राहिले, हा आपला उभाच. मग आग लागली तेव्हा घरात तोच सापडणार ना? उभा राहिला हा गुन्हा आहे?" मी मान हलवली. "अन् पुढचं ऐक. त्याच संघानं २०२३ साली त्याच पोराशी आठ वर्षांचा करार केला, आठ कोटी ऐंशी लाख डॉलरचा. २०२४ला कर्णधार केला. म्हणजे मालकानं वही वाचली नाही. मालकानं खेळ पाह्यला!"

"हे तुम्ही काकूंना सांगितलंत का?"

भाऊ जरा वेळ छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले. "तिला काहून सांगायचं," ते म्हणाले, "तिनंच तर मला सांगितलं."

वहीची उरलेली पानं आता दुधाच्या हिशेबाला लागली आहेत. पहिल्या पानावर 'वजा एकवीस' होतं तिथं इतकं खोडलंय की कागद फाटून दुसऱ्या पानापर्यंत भोक पडलंय, आणि त्या भोकातून वकिलांचा अधिक एक दिसतो.

गेल्या थंडीत एकदा पहाटे मला भाऊंकडे जावं लागलं. बफेलोत संध्याकाळी सात वाजता सुरू झालेला सामना आमच्याकडे पहाटे साडेपाचला लागतो आणि आठच्या सुमाराला संपतो. नातवानं टीव्हीला काहीतरी जोडून दिलंय. भाऊ स्वेटर, कानटोपी आणि हातात छत्री अशा थाटात टीव्हीपुढे उभे होते. म्हशीच्या गावचा संघ एका गोलनं पुढे, शेवटचं मिनिट, त्यात यांचा एक गडी शिक्षेच्या खोलीत बसलेला. समोरून सहाजण तुटून पडलेले.

इथं एक नियम सांगायला हवा. आपल्या अर्ध्यातून चकती सरळ पलीकडच्या गोलरेषेपार भिरकावली तर आइस हॉकीत तो दोष धरतात. पंच शिट्टी वाजवतो आणि खेळ परत तुमच्याच दारात आणून ठेवतो. भाऊंना हा नियम पहिल्या दिवसापासून खुपत होता. आयुष्यभराच्या तत्त्वज्ञानावरच घाला. फक्त एक सूट आहे. तुमचा माणूस कमी असेल तेव्हा खुशाल मारा, कुणी विचारणार नाही.

गोलपुढे गर्दी झाली. काठ्या, पाय, पाती. त्यातून आपल्या पोराच्या काठीला चकती लागली आणि त्यानं ती कुठलाही विचार न करता, कुणालाही पास न देता, अख्ख्या मैदानाच्या पार भिरकावली. निव्वळ जुनाट, रायपुरी, ओल्या मातीतली क्लिअर. भोंगा वाजला. कॅमेरा लगेच गोल मारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वळला. पोराचा कोपऱ्यात फक्त पाय दिसला.

भाऊ एकटेच टाळ्या वाजवत होते. मोठमोठ्यानं, छत्री काखेत धरून.

काकू आतून म्हणाल्या, "गोल झाला का हो?"

"नाही ना झाला!" भाऊ ओरडले. "नाही झाला!"